तपकिरी बाटलीतल्या गोळ्या

सोफ्याच्या पाठीवर द्राक्षाचा वेल कोरावा तो मितवल्लीनेच, असं दुम्यातच्या सुतारगल्लीत सगळे म्हणत, आणि त्याला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणून हाक मारत. एका हिवाळ्यात तो वेल अर्धाच राहिला. मितवल्ली रोज दुकानात जाई, पटाशी हातात घेई आणि लाकडाकडे बघत बसे. दुपारी त्याची बायको इन्शिराह डबा घेऊन गेली की त्याच्या पायाशी सकाळचाच एखादा छिलका पडलेला दिसे. घरात कुणी मेलं नव्हतं, धंदा बुडाला नव्हता. काय होतंय म्हणून विचारलं तर तो म्हणे, आत काही उरलं नाही. पहाटे छाती धडधडून उठे, घामाने निथळत, आणि आता आणखी एक दिवस काढायचा या विचारानेच त्याचे हातपाय गार पडत.

इन्शिराहने त्याला दुसऱ्या शहरात, मन्सूऱ्याला, मनाच्या डॉक्टरकडे नेलं. असे डॉक्टर दुम्यातमध्येही होते, पण त्यांच्या जिन्यावर कोण चढलं हे खालचा चहावाला संध्याकाळपर्यंत गल्लीभर करत असे. मन्सूऱ्याची डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि दोनदा बजावलं, की या वयात ही गोळी कधीकधी हृदयाच्या ठोक्यात गडबड करते, भोवळ आली तर त्याच दिवशी इकडे या. इन्शिराहने मान डोलावली.

घरी आल्यावर तिने गोळ्या पाकिटातून सोडवल्या आणि आपल्या मेलेल्या आईच्या तपकिरी बाटलीत भरल्या. बाटलीवर हृदयाच्या औषधाचं नाव होतं. तिच्या मुलीचं, रिहाबचं, लग्न हाजी सब्रींच्या मुलाशी, तामिरशी ठरलं होतं. मुलीच्या बापाचं डोकं फिरलंय आणि ते रक्तातून पुढे येतं, एवढी कुजबुज झाली असती तरी अंगठी परत आली असती. म्हणून गल्लीत तिने सांगितलं, उस्तांचं हृदय बिघडलंय.

हृदयाचा आजार म्हटल्यावर गल्ली धावून आली. शेजारणीने कबुतराचं सूप पाठवलं. समोरच्या दुकानदाराने आपली गादीची खुर्ची मितवल्लीला दिली. तो गप्प बसला तर लोक आवाज खाली आणत, आणि काम नाही केलं तर म्हणत, राहू द्या उस्ता, हृदय आहे. उन्हाळा लागेपर्यंत गोळ्यांनीही आपलं काम केलं. मितवल्ली सकाळी दाढी करू लागला. एके दिवशी डबा घेऊन गेली तर वेल पुरा झालेला, आणि वर एक चिमणी, जी कुणी मागितली नव्हती. इन्शिराह त्या चिमणीवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभी राहिली.

लग्नाला दोन महिने उरले असताना तो दुकानात उभ्याउभ्या कोसळला. पाणी मारल्यावर उठला. चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. इन्शिराहला मन्सूऱ्याच्या बाईचे शब्द आठवले. पण ती निघण्याआधीच हाजी सब्री गाडी घेऊन दारात उभे. आपल्या व्याह्याचं हृदय आहे, त्याला शहरातल्या हृदयाच्या मोठ्या डॉक्टरकडे मी नेणार, म्हणाले. चांगला माणूस, जोरात बोलणारा. डॉक्टरच्या खोलीतही ते आत आले आणि खुर्ची ओढून बसले.

डॉक्टरांनी मितवल्लीच्या छातीला तारा लावल्या. यंत्रातून रेघोट्यांची पट्टी बाहेर आली. त्यांनी ती टेबलावर पसरली, फूटपट्टीने मोजली आणि पुन्हा मोजली.

"हृदय विजेवर चालतं, बाई," ते इन्शिराहला म्हणाले. "एक ठोका पडला की पुढच्यासाठी ते पुन्हा भरून तयार होतं. यांचं तयार व्हायला फार वेळ लागतोय. हे बघा, एवढं अंतर. त्या मधल्या वेळात भलता ठोका आला की सगळी लय विस्कटते आणि माणूस पडतो. एखाद दिवस पडेल आणि उठणार नाही. औषधं कोणती चालू आहेत?"

इन्शिराहने बाटली पुढे केली. डॉक्टरांनी नाव वाचलं, एक गोळी तळहातावर घेऊन पाहिली. सगळ्या पांढऱ्या गोळ्यांसारखीच होती ती.

"याने असं होत नाही. ही चालूच ठेवा. दुसरं काही? झोपेचं, डोक्याचं, मनाचं?"

हाजी सब्री खळखळून हसले. "मनाचं? डॉक्टरसाहेब, या घरातली मुलगी मी सून करून आणतोय. वेड्यांच्या घरातली आणेन का?"

मितवल्लीने बायकोकडे पाहिलं. तो बोलणार नव्हता, बोलायचं ते तिनेच बोलायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "दुसरं काही नाही."

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं.

घरी येऊन तिने दार लावून घेतलं. विष कुठलं ते तिला एकटीलाच माहीत होतं, आणि डॉक्टर तर तेच चालू ठेवा म्हणाले होते. मन्सूऱ्याला जायचं तर लग्नासाठी घराच्या भिंतींना चुना लावायला माणसं येऊ लागली होती, हाजींची बायको रोज पडदे बघायला येत होती, आणि दिवसभर कुठे होतीस या प्रश्नाला उत्तर नव्हतं. लग्न होऊ दे, मग जाऊ, असं तिने ठरवलं. बाटली रिकामी केली आणि स्वतःच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या त्यात भरल्या. मितवल्लीने त्या रात्री रोजच्यासारखी गोळी घेतली आणि रोजच्यासारखाच तिला दुवा दिला.

पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. मग भांड्याच्या आवाजाने दचकू लागला. मग पहाटेचा तो घाम परत आला. पण भोवळ मात्र आली नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी नवी पट्टी जुनीशेजारी ठेवली. अंतर कमी झालं होतं. हाजी सब्रींनी डॉक्टरांचा हात धरून हलवला आणि येताना गल्लीभर वाटायला मुशब्बक मिठाईचे डबे घेतले. "घोड्याचं हृदय आहे आमच्या व्याह्याचं," ते प्रत्येक दारात सांगत सुटले. मितवल्ली गाडीत मागे बसून होता. पाकात भिजलेला तुकडा त्याच्या हातात तसाच होता, पाक मनगटापर्यंत ओघळला तरी.

मग गल्लीचं वागणं बदललं. हृदय बरं झालेला माणूस दुकानात न येता घरात का पडून राहतो? समोरच्याने आपली खुर्ची परत नेली. कोणी म्हणालं, उस्तांना आरामाची चटक लागली. शेजारीण हसत म्हणाली, "रिहाबच्या आई, आता तरी त्यांना उठव की, आजार गेला पण लाड राहिले वाटतं." इन्शिराह तिच्याबरोबर हसली. यावर सांगायला तिच्याकडे दुसरा आजार नव्हता.

लग्नाच्या दिवशी रिहाबने बापाला कपडे घातले, बटणंसुद्धा तिनेच लावली. काझीसमोर त्याने तामिरच्या हातात हात दिला, सांगितलेले शब्द म्हटले आणि हात मागे घ्यायचा राहून गेला. तामिरने हळूच तो सोडवला. बायकांना वाटलं, बापाचा जीव तुटतोय.

तिसऱ्या दिवशी इन्शिराह मन्सूऱ्याला गेली आणि एकही गोष्ट न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, तेव्हाच आला असतात तर गोळी बदलून दिली असती. दुसरी आहे, ती हृदयाला इतका त्रास देत नाही. हृदयाची पट्टी काढत राहायचं आणि गोळी हळूहळू वाढवायची. ही डबी ठेवा, पण आधी त्यांना घेऊन या, उद्याच्या उद्या.

इतकं सोपं होतं ते. परतीच्या गाडीत इन्शिराह मांडीवर नवी डबी धरून बसली होती आणि हेच शब्द तिच्या डोक्यात फिरत होते.

मितवल्ली भिंतीकडे तोंड करून झोपला होता. ती त्याच्या उशाशी बसली.

"अहो, उद्या मन्सूऱ्याला जायचंय. नवी गोळी दिली आहे."

"जुनी घेतोच आहे ना," तो भिंतीलाच म्हणाला. "रोज घेतोय. तिनेही आता काही होत नाही, इन्शिराह. मी गोळीच्या पलीकडे गेलोय."

तेव्हा तिने त्याला सांगितलं. कॅल्शियमच्या गोळ्या, बाटली, डॉक्टरच्या खोलीतलं ते 'नाही'. तो ओरडेल, हात उगारेल, निदान वळून बघेल, असं तिला वाटलं होतं. तो रागावला असता तर तिने त्याचे पाय धरले असते.

"बरं केलंस," तो म्हणाला. "पोरीचं लग्न झालं." आणि थोड्या वेळाने, "आता राहू दे."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. बरगड्यांच्या मागे ठोके पडत होते, सरळ, वेळेवर.

मग ती उठली आणि तपकिरी बाटली केराच्या डब्यात टाकली. नवी डबी तिने पाकिटासकट, नाव बाहेर करून, दारासमोरच्या फळीवर ठेवली, जिथे घरात पाऊल टाकणाऱ्या कुणाचीही नजर आधी पडते. दार सताड उघडं ठेवून ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. गल्लीतून करवतींचा आवाज येत होता, माणसं येत-जात होती. आत कुणी आलं नाही. गल्लीच्या लेखी या घरात आता कुणी आजारी नव्हतं.