एकवीस हजारांचा फरक

एकवीस हजार रुपये कानात घालणारा माणूस वेडा असतो, असं माझ्या आईसकट आमच्या गावाचं, सगळ्या माधवनगरचं मत आहे. मी ते मनावर घेत नाही. ज्यांना चहासुद्धा फुर्र आवाज केल्याशिवाय पिता येत नाही, त्यांच्याकडून आवाजाबद्दल काय शिकायचं?

माझ्याकडे इयरफोनच्या दोन जोड्या होत्या. एक चौदाशेची, दुसरी एकवीस हजारांची. दोन्ही वायरवाल्या, गायक-वादक मंचावर घालतात तशा कानात खोल बसणाऱ्या. स्वस्तातली अंमळ छोटी होती, महागातली अंमळ मोठी, कानाचं भोक घट्ट बंद करणारी. साताऱ्याच्या बँकेतली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात मी या दोघींची तुलना करून इंटरनेटवर लिहायचो. 'स्वस्त जोडीत डग्गा चिखलात पडल्यासारखा वाजतो, महाग जोडीत फरशीवर,' असं एकदा लिहिलं तर त्रेसष्ट जणांनी अंगठे दिले. तेव्हापासून माझं डोकं जरा चढलंच होतं.

संयोगिताला हे सगळं ठाऊक होतं. ती साताऱ्यातच कॉलेजवर भौतिकशास्त्र शिकवते. आमचं जमलं, दोन्ही घरांनी मान डोलावली, आता फक्त लोणंदला तिच्या घरी सुपारी फोडायची होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं. आणि नेमकं त्याच्या आदल्या दिवशी मला वेडा म्हणणाऱ्या माझ्या आईनंच कौतुकानं तिच्या आईला, शालूबाईंना, फोनवर इयरफोनची किंमत सांगितली.

संयोगिताचे वडील मानसिंग सुभेदार. अठ्ठावीस वर्षं सैन्यात वायरलेसवर काढलेली. तिथं ओरडून ओरडून त्यांचा आवाज कायमचा तिथंच अडकला. घरात मीठ मागितलं तरी गल्लीतली कुत्री उठून बसतात. निवृत्तीनंतर ते शेळ्या-बोकडांच्या बाजारात दलाली करत होते. मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा ते कांद्याच्या पोत्यांमध्ये खुर्ची टाकून माझीच वाट बघत होते.

"एकवीस हजारात दोन गाभण शेळ्या येत्यात," ते म्हणाले. "शेळी दूध देती, करडं देती. हे काय देतंय?"

"तपशील देतं, मामा. गाण्यातलं बारीकसारीक ऐकू येतं."

"आनि चौदाशेवालीत येत न्हाई?"

"फरक आहे. डोळे बांधून विचारा, सांगेन."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून त्रेसष्ट अंगठ्यांनी बोलून घेतलं. दोन्ही जोड्या नेहमीसारख्या खिशात होत्याच; पाच मिनिटांत माझे डोळे बांधलेले होते.

"पाच डाव," मामांनी जाहीर केलं. "चार बरोबर आलं तर आत्ताच्या आत्ता सुपारी फोडू. न्हाई आलं तर न्हाई. ज्याला चौदाशे आनि एकवीस हजार सारखंच, त्याच्या हातात माज्या पोरीचा संसार कसा द्यायचा?"

"आबा, माझं लग्न हाय. बोकड न्हाई!" संयोगिता कडाडली.

"म्हनूनच पारखून घेतोय. बोकड असता तर घातला असता गळ्यात."

ती मला सोडवेल अशी आशा होती. पण भौतिकशास्त्रवाली बाई परीक्षा म्हटल्यावर परीक्षाच घेते. दोन्ही जोड्यांना तिनं सारखीच रबरं बसवली, म्हणजे मला स्पर्शानं ओळखता येऊ नये. ज्याचा आवाज मोठा तेच माणसाला चांगलं वाटतं, म्हणून दोन्हींचा आवाज सारखा हवा. ते काम शालूबाईंना दिलं. त्यांनी दोन्ही जोड्या आलटूनपालटून घातल्या, फोनवर वरखाली केलं आणि "आता सारखं हाय," असं सांगून टाकलं. गाणं नाहीच, नुसता तबला.

"उत्तर तोंडानं द्यायचं न्हाई," मामा म्हणाले. "बाजारातल्यावानी टॉवेलाखाली."

जनावरांच्या बाजारात भाव मोठ्यानं बोलत नाहीत. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात आणि बोटं दाबून सौदा होतो. बघ्यांना काही कळत नाही. इथं एक बोट म्हणजे स्वस्त, अख्खा पंजा म्हणजे महाग.

"आनि एक ध्यानात ठेव. सौदा संपायच्या आत हात भाईर काढायचा न्हाई. हात काढला की सौदा मोडला."

माझा हात त्यांच्या हातात गेला. त्या टॉवेलाला बोकडाचा वास होता, अंगणाला कांद्याचा.

पहिला डाव. संयोगितानं कानात जोडी घातली, तबला सुरू झाला. तबल्याच्या वरून मामा ओरडले, "सांग!" डग्गा मला चिखलात वाटला. एक बोट दाबलं. "बरोबर," मामा म्हणाले.

दुसरा डाव. मी निवांत ऐकत होतो. अचानक मामांनी माझं मनगट गदागदा हलवलं. बहुधा बराच वेळ विचारत असावेत. घाईत पंजा दाबला. संयोगितानं कानातलं काढलं तेव्हा कळलं, तेही बरोबर.

तिसरा डाव. "बोल की गड्या!" मामांचा आवाज खणखणीत आला. डग्गा फरशीवर होता. पंजा दाबला. चूक.

खरं सांगतो, पहिले दोन्हीही मी अंदाजानंच ठोकले होते. चिखल नव्हता, फरशी नव्हती, तबला सगळीकडे तबल्यासारखाच वाजत होता. मला संयोगिता हवी होती, आणि मी तिला एका डग्ग्याच्या भरवशावर पणाला लावून बसलो होतो. माझ्यासारखा गाढव लोणंदच्या बाजारात त्या दिवशी दुसरा नव्हता.

चौथ्या डावाला पुन्हा मनगट हललं. देवाचं नाव घेऊन पंजा दाबला. बरोबर! चारात तीन. आता सगळं पाचव्यावर.

पाचवा डाव सुरू झाला. बांधलेल्या डोळ्यांतून कांद्यानं पाणी वाहत होतं. नाक चुरचुरलं. मनगट हललं. मी पंजा दाबणार, एवढ्यात अशी शिंक आली की हात आपोआप नाकावर गेला.

मी डोळ्यांवरची पट्टी आणि कानातलं काढलं तेव्हा मामा उभे होते.

"सौदा मोडला!"

"मामा, शिंक आली."

"शिंक असू दे न्हाईतर भूकंप. हात भाईर आला."

गंमत म्हणजे मला नाही म्हणताना त्यांचाच चेहरा पडला होता. त्यांना मी आवडत होतो हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पण वीस वर्षं बाजारात जो नियम दुसऱ्यांना लावला, तो घरात कसा मोडणार? शालूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तो कांद्यामुळे की माझ्यामुळे, विचारायची हिंमत झाली नाही.

"आबा," संयोगिता म्हणाली, "मोडलेला सौदा परत कसा जुळवत्यात?"

"गिऱ्हाईक बदललं तर जुळतो."

"मग उठा. गिऱ्हाईक मी हाय."

ती वडिलांच्या खुर्चीत बसली, टॉवेल ओढला आणि खालून माझा हात धरला. दोन बोटं दाबली.

मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन म्हणजे काय? दोन वर्षं थांब? दोन पोरं? दोन शेळ्या आण? काही का असेना. मी अख्खा पंजा दाबला, जोर लावून. त्या दिवसातलं माझं ते एकच उत्तर होतं जे मी अंदाजानं दिलं नव्हतं.

"झाला सौदा!" मामा एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे हरिबा कुंपणावरून डोकावले. शालूबाईंनी तिथल्या तिथं सुपारी फोडली.

"दोन म्हणजे काय गं?" मी हळूच विचारलं.

"दोन्ही जोड्या. इथंच ठेवायच्या."

लग्न होऊन तीन महिन्यांनी आम्ही लोणंदला गेलो. मामा स्वस्त जोडी घालून भजन ऐकत होते. शालूबाई कांदे निवडत होत्या आणि त्यांच्या कानात माझी एकवीस हजारांची जोडी होती. मला राहवलं नाही. त्यांच्या समोर बसून खुणेनं कानातलं काढायला लावलं.

"मामी, खरं सांगा. दोन्हींत फरक वाटतो?"

"व्हय की. लय फरक हाय."

"डग्ग्यात ना?"

"डग्ग्याचं मला काय कळतंय, पाव्हणं? छोटं घातलं की ह्यांचं वरडणं ऐकू येतं. हे मोठं घातलं की अजिबात न्हाई." त्यांनी जोडी मायेनं कुरवाळली. "मला तर त्या दिवशी आवाज जुळवतानाच कळलं हुतं. तुमी पाचीच्या पाची सांगाल असं वाटलं हुतं मला."

मी पाचही डाव आठवले. जेव्हा जेव्हा मामा ऐकू आले होते तेव्हा कानात चौदाशे होते. जेव्हा मनगट हलवावं लागलं तेव्हा एकवीस हजार. लोणंदमधला सगळ्यात मोठा आवाज माझा हात धरून बसला होता आणि मी डग्गा शोधत होतो.

"शालू, च्या!" मामांनी तिसऱ्यांदा आरोळी ठोकली. शालूबाईंनी जोडी पुन्हा कानात बसवली आणि शांतपणे पुढचा कांदा उचलला. मी उठलो आणि चहा टाकला.