दोन अपत्यांचा उमेदवार

बद्रीनाथदादांना कायदा आठवतो तो फक्त निवडणूक आली की. मी वकील. वीस वर्षं येरवड्यातल्या इच्छुकांचे उमेदवारी अर्ज भरून देतो, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकालाही मी माझ्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची किल्ली देणार नाही.

"वकीलसाहेब, अपत्यं दोन लिहा," दादा म्हणाले.

दोनपेक्षा जास्त मुलं असली की महापालिकेची उमेदवारी बाद होते. दादांना तीन. दोन मुलगे आणि सहा वर्षांची मुक्ताई. तिचं बाळंतपण दादांच्या बायकोचं, भाग्यश्रीवहिनींचं, पण जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून दादांचा धाकटा भाऊ योगेश आणि त्याची बायको. एवढी दूरदृष्टी या माणसानं प्रभागातल्या ड्रेनेजच्या बाबतीत कधी दाखवली नाही. पोर मात्र वहिनींच्याच कुशीत वाढली. यंदा निवडणूक लागणार अशी कुणकुण लागताच जूनमध्ये तिला कर्वेनगरला योगेशकडे धाडलं, तिथल्या शाळेत घातलं आणि बजावलं की बाबांना आता काका म्हणायचं.

"निवडून आलात की परत आणणार ना तिला?" मी विचारलं.

"परत कशाला? पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आहेच की."

"दादा, हे शपथपत्र वेबसाइटवर जातं. लोक वाचतात."

"लोकांना काय करायचंय माझ्या घरात डोकावून? माणसाला काही प्रायव्हसी असते की नाही?"

हे कोण बोलत होतं? ज्याच्या मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर चौकात 'पुन्हा त्याच जोमाने' असा फ्लेक्स लागला होता, तो. मी मनातल्या मनात हसलो आणि दोन लिहिलं. मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

छाननीच्या दिवशी घात केला तो फ्लेक्सनंच. दोन वर्षांपूर्वी मुक्ताईच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी वीस फुटांचा फ्लेक्स लावला होता. 'दादांच्या लाडक्या लेकीस उदंड आयुष्य लाभो', आणि खाली गॉगल लावलेले चौदा शुभेच्छुक. दादांनी जन्मदाखला सांभाळला, पण शुभेच्छुकांना कोण सांभाळणार? त्या फ्लेक्सचा फोटो मैत्री नावाच्या प्रतिस्पर्धी उमेदवारानं निवडणूक अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवला. ही मैत्री सरकारी नोकरी सोडून निवडणुकीला उभी राहिलेली. फोटोतल्या मुलीचा चेहरा तिनं कागद चिकटवून झाकला होता.

"उमेदवाराला मुलं किती, हे मतदारांना कळलं पाहिजे. पोरीला कुणी यात ओढू नका," ती म्हणाली.

दादांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. हातात आलेला चेहरा कुणी झाकून ठेवतं, हे त्यांच्या बुद्धीपलीकडचं होतं.

"आमच्याकडे प्रेमानं पुतणीलाही लेक म्हणतात," मी बेधडक ठोकून दिलं आणि जन्मदाखला पुढे केला. मग हुकमाचं पान काढलं. भाग्यश्रीवहिनींचं शपथपत्र: मुक्ताई ही माझी किंवा माझ्या पतीची मुलगी नाही. सही तेवढी बाकी होती. ती अधिकाऱ्यांसमोरच झाली तर वजन पडेल, हा शहाणपणा माझाच.

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी कागद शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचला.

"मान्य आहे?" बाईंनी विचारलं.

"निम्मं मान्य आहे."

"म्हणजे?"

"मुलगी यांची नाही. माझी आहे."

दादांचा हात मिशीवर होता, तो तिथंच राहिला.

"मग वडील कोण?"

"ते सांगायलाच हवं का?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "नाही. उमेदवार तुम्ही नाही आहात."

"मग नाही सांगत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मागे सगळे दादांचेच कार्यकर्ते होते. दादांना आता फक्त गप्प बसायचं होतं. दाखला त्यांच्या बाजूनं होता, आणि मुलगी यांची नाही, असं खुद्द बायको सांगत होती. मी त्यांचा सदरा खाली ओढला. पण मागून दुसरं हसू आलं आणि दादा ताडकन उठले.

"माझी आहे ती! माझीच पोर आहे! कोण हसलं रे?"

हसणारा अर्थातच सापडला नाही. या माणसानं प्रतिष्ठेसाठी पोर लपवली आणि प्रतिष्ठेसाठीच कबूल केली. तिच्यासाठी म्हणून काही केलं नाही. मला त्याची किळस आली, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या माझीही.

"लिहून घ्या," बाई कारकुनाला म्हणाल्या.

मैत्री हसली नाही. तिनं टेबलावरचा फोटो उचलून पिशवीत ठेवला. दादा अजूनही मागे वळून कार्यकर्त्यांना शिव्या घालत होते, आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. वहिनींनी सही न केलेलं शपथपत्र माझ्या हातात दिलं.

"माझं काही काम आहे का आता, वकीलसाहेब?"

"नाही वहिनी."

"मग निघते. साडेबाराला शाळा सुटते तिची. आज घरी घेऊन येते."