कडेचा ठोका

"मध्ये मारा," अण्णा म्हणाले.

अर्जुनानं पॅडच्या मधोमध टिपरू हाणलं. स्पीकरमधून दणका आला.

"आता कडेला."

त्यानं कडेला मारलं. रबरावर लाकूड आपटल्याचा बारीक आवाज झाला, पण स्पीकर काही बोलला नाही.

"बगा. तीन दिस झालं, असंच चाललंय," अर्जुना म्हणाला. "मधी बोलतोय, कडंला मुका."

सकाळच्या एसटीनं तो सांगलीला, अण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानात आला होता. पोत्यात विजेवर वाजणारे चार रबरी पॅड, पिशवीत पॅडना आवाज देणारा डबा, ज्याला सगळे मोड्यूल म्हणतात, आणि खांद्याला हलगी. निघताना बायकोनं, लीलाबाईनं विचारलं होतं, "आजारी तो डबा हाय, मग हिला कशाला न्हेताय संगं?" चाळीस वर्षं हलगी खांद्याला लावल्याशिवाय तो कामाला म्हणून घराबाहेर पडलाच नव्हता, एवढंच खरं.

"पॅड कुठून घेतलेत?" अण्णांनी वायर उपसत विचारलं.

"मलकापूरच्या एका बेंजो पार्टीनं धंदा बंद केला. त्यांच्याकडनं."

"आणि मोड्यूल?"

"तासगावातनं."

"घेताना तपासलं कसं?"

अर्जुनानं खरं ते सांगितलं. हलगीचं कातडं पारखतात तसं त्यानं प्रत्येक पॅडवर बोटानं टिचकी मारली होती, कान लावून ऐकलं होतं, आणि आत पोकळ नाही, ठणठणीत आहे म्हणून घेतले होते. अण्णा हसायला लागले. हसताना त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"अहो, पॅडला स्वतःचा आवाज कुठला? तो नुसता निरोप्या. आवाज सगळा त्या डब्यात. दोघांचं जुळतंय का ते आधी बघायचं असतं. तुम्ही पत्रिका न बघताच लग्न लावून मोकळे झालात." मग त्यांनी पॅड उलटा करून दाखवला. "मध्ये मारलेलं कळतं, किती जोरात मारलं तेही कळतं. कडेला मात्र आत नुसती पट्टी आहे. दाबली गेली, एवढाच निरोप ती देते. हळू की जोरात, ते सांगत नाही. तुमच्या तासगावच्या डब्याला पट्टीची भाषाच येत नाही. याला पॅडच्याच कंपनीचं मोड्यूल पाहिजे."

अर्जुनानं पॅडच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यानं हळूच विचारलं, "म्हंजी कडंला कसंबी मारलं तरी भरूनच वाजंल?"

"सारखंच वाजणार."

हे त्यानं दोनदा वदवून घेतलं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. हलगीत उजव्या हाताचं जाड टिपरू मध्ये बोलतं आणि डाव्या हाताची बारीक काडी कडेला. गेल्या श्रावणात अर्जुनाच्या अंगावरून वारं गेलं. तोंड सरळ झालं, पाय सुधारला, डावा हात मात्र परत आला नाही. काडी धरता येई, पण तिच्यात जीव नसे. पुतण्या साईराज आता त्यांची हलगी पार्टी चालवत होता. तो म्हणाला होता, "काका, पॅडवर नुसता हात टेकला तरी वाजतंय म्हनं. जमलं तर पलूसच्या कुस्त्यांच्या मैदानाला तुमीच. न्हाईतर मग मलाच वाजवावं लागंल." पोरगं हे दरडावून बोललं असतं तरी चाललं असतं. ते मायेनं बोललं, म्हणून जास्त लागलं. हलगीवाला अर्जुना म्हणूनच त्याला पाच गावं ओळखत होती. हलगी गेल्यावर नुसत्या अर्जुनाला कोण विचारणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अण्णांनी फळीवरून त्याच कंपनीचं एक जुनं मोड्यूल काढलं आणि तासगावचं ठेवून घेऊन ते त्याला द्यायचं कबूल केलं. जोडलं, तर कड लगेच बोलली. पण बोलली ती परक्याच ढोलांच्या आवाजात.

"यात हलगी नाही," अण्णा म्हणाले. "पण आवाज भरता येतो. तुमच्या खांद्याला आहे की ती. एकेक ठोका वाजवा, मी घेतो."

समोरच्या चहावाल्याच्या शेगडीवर अर्जुनानं कातडं शेकलं. मधला ठोका पहिल्या झटक्यात भरला गेला. मग कडेचा. डाव्या हातानं त्यानं सात-आठदा प्रयत्न केला. दर वेळी काडी फरफटत गेल्यासारखी वाजे आणि अण्णा मान हलवून तो ठोका पुसून टाकत.

"उजव्या हातानं मारा की," ते अखेर म्हणाले. "यंत्राला काय कळतंय हात कुठला ते."

अर्जुनानं काडी उजव्या हातात घेतली. आवाज असा कडक निघाला, की चहावाल्यानं वळून बघितलं. अण्णांनी तो पॅडच्या कडेला बसवला. मग अर्जुनानं आपला डावा, निर्जीव हात पॅडच्या कडेवर टाकला आणि स्पीकरमधून त्याची स्वतःची, आजारापूर्वीची हलगी खणखणीत वाजली. त्याचे डोळे भरून आले. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

पलूसचं मैदान आठव्या दिवशी होतं. तांबडी माती भिजवून सारखी केली होती आणि कडेला स्पीकर लावून, स्टँडवर पॅड चढवून साईराजनं काकाला उभं केलं होतं. लहान गटाच्या कुस्त्या झाल्या. चाल संथ होती, सगळं जमून गेलं. साईराजनं लांबून अंगठाही दाखवला.

मग मोठी कुस्ती लागली. पैलवान भिडले आणि रिवाजाप्रमाणे हलगीला चढत जावं लागलं. उजवा हात चढला. डावा चढेना. तो पडत होता, पण ठोका टळून गेल्यावर पडत होता. नुसत्या हलगीवर ते खपून गेलं असतं, कारण लुळ्या हाताचा ठोका हळू असतो, उजव्याच्या आवाजाखाली झाकला जातो. इथं पट्टीला हळू कळतच नव्हतं. अर्जुनाचा प्रत्येक चुकार ठोका उजव्याइतकाच ठणकावून साऱ्या मैदानाला ऐकू जात होता. झाकली मूठ त्यानं स्वतःच सांगलीला जाऊन उघडून आणली होती. एका पैलवानानं पवित्रा सोडून हलगीकडे बघितलं. गर्दीत कुणीतरी हसलं.

साईराज जवळ आला. "काका, जरा बसा," तो कानाशी म्हणाला आणि त्यानं हातातली टिपरी काढून घेतली. अर्जुनानं ती धरून ठेवली नाहीत. शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तो बसला.

साईराजनं हात चालवले, आणि चाळीस वर्षं ऐकलेली हलगी मैदानात घुमायला लागली. ठोका अर्जुनाचाच होता, हात तेवढे साईराजचे. कुस्ती रंगली, बक्षिसाचे पैसे टाकायला पटका फिरला, टाळ्यांनी मैदान दणाणलं. अर्जुनाला वाटलं, हा डबा घेतलाच नसता तर बरं झालं असतं. पार्टीला आता त्याची गरज उरली नव्हती.

कुस्ती सुटली, तसे नाथाजी वस्ताद नातीचा, शिवांजलीचा, हात धरून त्या बाजूला आले. जुन्या तालमीचे वस्ताद, आता दोन्ही डोळ्यांनी अधू झालेले. माणूस दिसत नव्हता, म्हणून ते आवाजाच्या दिशेनं थेट पॅडपाशी आले. त्यांनी चाचपडत पुढं केलेला हात साईराजच्या डाव्या मनगटावर पडला.

"अर्जुना, गड्या," ते म्हणाले, "कोन म्हनलं तुज्या अंगावरनं वारं गेलं. सुरवातीला अडकलास, तवा मलाबी खरं वाटलं. पन हात तापला आन् काय कडंचा ठोका पडला रं."

साईराजनं काकाकडं बघितलं. तो काही बोलणार, एवढ्यात अर्जुनानं नको म्हणून मान हलवली. खुर्ची सोडून तो पुतण्याच्या खांद्याशी येऊन उभा राहिला आणि वस्तादांकडे वाकून म्हणाला, "तुमची किरपा, वस्ताद. चालतोय अजून हात."

"चालतोय, चालतोय," म्हणत वस्तादांनी ते मनगट थोपटलं. पुढच्या जोडीचं नाव पुकारलं गेलं, तरी म्हाताऱ्यानं ते सोडलं नव्हतं.