उंबरठ्याचा कोपरा

मी एक जुना दगड आहे. तसे सातपुड्यातले सगळेच दगड जुने, त्यात मिरवण्यासारखे काही नाही. पण मी एका घराच्या उंबरठ्याचा कोपरा आहे. मित्रांनो, अकोट मागे टाकून गड चढलात की माथ्यावर एक मोडलेले शहर लागते. दरवाजे आहेत, तटबंदी आहे, तळी आहेत. माणसे तेवढी नाहीत.

पाथरवटाने आमचा उंबरठा घडवून बसवला, तेव्हा इथे वस्ती गजबजलेली होती. नव्या सुना माप ओलांडून आमच्यावरून आत आल्या. रांगती मुले आमच्यापाशी येऊन अडायची आणि भोकाड पसरायची. सकाळी हळदकुंकू, संध्याकाळी दिवा, असा आमचा थाट होता. पुढे शहराचे दिवस फिरले. लोक गड उतरून गेले. छप्पर कोसळले तेव्हा एक तुळई नेमकी माझ्यावर आली आणि मी उंबरठ्यापासून तुटून बाजूला पडलो. त्यानंतर माझ्या सोबतीला गवत, सरडे आणि अलीकडे सहलीला येणारे तुम्ही. तुमच्यातले काही जण माझ्यावर तंबाखूचा खर्रा थुंकतात. दगडाला लाज नसते म्हणतात, पण थुंकणाऱ्याने तरी थोडी बाळगावी.

गडावर येणाऱ्यांची एक रीत मात्र मला फार आवडते. ज्यांना स्वतःचे घर नाही, ते इथे दगडावर दगड रचून चिमुकले घर करतात आणि मनातल्या मनात घर मागतात. घर झाले की पुन्हा यायचे, रचलेले दगड उतरवायचे आणि जिथले तिथे नेऊन ठेवायचे.

देवानंद आणि दामिनी हे नवराबायको असेच आले होते. अकोल्यात भाड्याच्या खोल्या बदलून बदलून दोघे मेटाकुटीला आले होते. देवानंदला पायासाठी सपाट दगड हवा होता, म्हणून त्याने मला उचलले. दामिनीने माझ्यावरची माती पुसली आणि तिचा चेहरा उतरला.

“हा उंबरठ्याचा दिसते,” ती म्हणाली. “कोनाचं मोडलेलं घर घेऊन आपलं नोका बांधू.”

देवानंद हसला. “अवं, ते लोक कवाचेच गेले. त्याइले कायले पायजे आता उंबरठा?”

त्याने मला खाली ठेवले आणि माझ्यावर दगड रचले. खरे सांगतो, मला राग आला नाही. उलट मी सुखावलो. कितीतरी काळाने कुणीतरी माझ्या आधाराने घर मांडत होते. आजूबाजूची चिमुकली घरे माकडांनी पाडली, काही टवाळांनी लाथाडली. मी मात्र वादळातही तसूभर हललो नाही. त्यांचे घर व्हावे म्हणून दगडाला जेवढे करता येते, तेवढे मी केले.

या हिवाळ्यात दामिनी पुन्हा आली. सोबत तिची नणंद हर्षा होती. देवानंद मागून येत असेल म्हणून मी पायवाटेकडे बघत राहिलो. मग हर्षाच्या बोलण्यातून सगळे कळले. घर झाले होते. स्लॅब पडल्यावर देवानंद रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्याच्यावर पाणी मारायला जायचा. एका सकाळी पाण्याच्या मोटारीच्या फाटक्या वायरवर त्याचा ओला हात पडला. उरलेले घर त्याच्या भावांनी पुरे केले, पण दामिनी एकदाही आत गेली नाही. ती अजून भाड्याच्याच खोलीत राहते. वायर फाटकी होती, त्यात दगडाचा काय दोष, असे हर्षा पुन्हा पुन्हा समजावत होती. शेवटी हर्षा डोळे पुसत तळ्याकडे तोंड धुवायला गेली.

दामिनीने एकेक दगड उतरवला. मला तिने दोन्ही हातांनी उचलले, त्या पडक्या घरापाशी आणले आणि तुटलेल्या कोपऱ्यात ठेवले. मी माझ्या जागी चपखल बसलो. शतकानुशतके याच जागेची आस धरली होती, ती मिळाली आणि मला रडू आले.

“तुमचं घर तुमाले वापस,” ती हात जोडून म्हणाली. मग तिने पदराची गाठ सोडून नव्या घराची किल्ली काढली. “अन् हे बी तुमीच घ्या. आमाले नाई लाभलं.”

मला जरासे उचलून तिने किल्ली माझ्याखाली सरकवली आणि मागे न बघता ती निघून गेली. हर्षाला काही कळले नाही.

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने हाका मारल्या. दगडाच्या हाका कोण ऐकणार? या उंबरठ्यावरून गेलेल्या कुणीही तिला शाप दिला नव्हता. आमचे घर उजाडले ते आम्ही सोसले आहे. दुसऱ्या कुणाचे उजाडावे असे आम्हाला कसे वाटेल?

गडावर याल तेव्हा भिंतींवर नावे कोरू नका, थुंकू नका, कुणी रचलेले घर लाथाडू नका. हे तुम्हाला इथला कुठलाही दगड सांगेल. माझे मागणे याहून थोडे जास्त आहे. पडक्या घराच्या उंबरठ्याचा डावा कोपरा हलतो, तो उचला. खालची किल्ली अकोल्याला दामिनीकडे पोचवा. तिला सांगा, उंबरठा तुझ्यावर रागावलेला नाही, तू तुझ्या घरात जा. पण पावसाळ्याआधी या. किल्ली गंजू लागली आहे.