दाराशी अडलेला भाऊ

ऑपरेशन चालू असताना माझ्या धाकट्या भावाचं हृदय चार मिनिटं बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर त्याने माझा हातच धरला.

"ताई, मी स्वर्गाच्या दारापर्यंत जाऊन आलो. आत आई होती. म्हणाली, आधी ताईची माफी घेऊन ये."

आई गेली तेव्हा यानेच मला मुद्दाम उशिरा कळवलं होतं. मी पोचले तोवर शवपेटी मातीखाली गेली होती. मी थडग्यापाशी ऊर बडवत होते आणि हा शहाजोगपणे म्हणाला होता, "आता बोल की. वर सगळं ऐकू येतं."

"फादरांकडे कन्फेशन केलंस ना?" मी विचारलं.

"केलं. त्यांनी क्षमा दिली."

"ती देवाची. माझी माझ्यापाशी आहे."

तो रडायला लागला. मी त्याचे डोळे पुसले, उशी नीट केली, संत्र्याच्या चार फोडी भरवल्या.

"देईन रे. तू गेलास की तुझ्या थडग्यापाशी येऊन सांगेन."

"आणि तोवर मी दाराशीच उभा राहू?"

"मी सावकाश येईन. वर सगळं ऐकू येतं म्हणे."