गुरुवारचा डाव

"एकोणचाळीस," मी म्हणालो. "चाळीस हवेत."

तिघांपैकी कुणीच एकमेकांकडे बघितलं नाही, आणि तेच मला खटकलं. एम्डनच्या बंदरात कस्टमवाला म्हणून मी चौतीस वर्षं काढली आहेत. निर्दोष माणसं अशा वेळी एकमेकांची तोंडं बघतात. दोषी माणूस टेबलाकडे बघतो. इथे तिघंही टेबलाकडे बघत होते. टेबलावर माझा खेळ मांडलेला होता, आणि पिवळ्या ठोकळ्यांपैकी, म्हणजे धान्यापैकी, एक ठोकळा गायब होता.

मी खाली वाकलो, गालिचा उचलून पाहिला. नुर्तेननं आपली बशी उचलून दाखवली. शेवटी गेझिननं माझ्या स्वेटरच्या बाहीची घडी उलगडली आणि पिवळा ठोकळा टेबलावर ठेवला.

"मेन्नो, तुला अटक," ती म्हणाली.

सगळे हसले, मीही हसलो, पण माझा संशय काही गेला नाही. ठोकळा सापडला म्हणून चोर नव्हताच असं होत नाही.

सहा वर्षं मी हा खेळ रचत होतो. नदीकाठी तीन माणसं आपापली वस्ती वसवतात. वस्तीचं गाव होतं, गावाचं शहर, शहराचं राज्य. राज्य वाढवायच्या तीन वाटा: धान्याची, व्यापाराची आणि तलवारीची. खेळ चांगला असेल तर तिन्ही वाटांनी जिंकता आलं पाहिजे. एकच वाट सारखी जिंकू लागली की तो खेळ मेला, कारण मग दुसऱ्या वाटेनं कोण जाईल? हे तपासायला माझ्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी तिघं जमायची. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जी वाट आली तिनं त्यानं डोकं खाली घालून शेवटपर्यंत जायचं, बुडालं तरी बेहत्तर. मी खेळायचो नाही. कोपऱ्यात वही घेऊन बसायचो आणि कुठली वाट जिंकली ते लिहायचो.

गेझिन शाळेत गणित शिकवायची. तिची जीभ तिखट आणि लोण्याचा केक उत्तम. नुर्तेन औषधांच्या दुकानात होती, तिघांत सर्वांत तरुण, चाळिशीची. फोल्कर्ट माझ्या वयाचा. समुद्राच्या भरती-ओहोटीतून जहाजं बंदरात घ्यायची तर आधी दोन मोठ्या दरवाज्यांमध्ये जहाज घेऊन पाणी सारखं करावं लागतं. त्या दरवाज्यांवर त्यानं जन्म काढला. बोलायचा कमी. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. हरला की म्हणायचा, "चालायचंच," आणि ठोकळे रंगांप्रमाणे पिशव्यांत भरून द्यायचा. मला तो सगळ्यांत सोयीचा वाटे.

सप्टेंबरात प्रकाशकांकडून पत्र आलं. आजवर दोनदा मुदत वाढवली, आता वाढणार नाही. नोव्हेंबरअखेर वीस डावांचा तक्ता पाठवा, कुठलीही वाट आठपेक्षा जास्त वेळा जिंकलेली नको. नाहीतर तुमचा खेळ आम्ही यादीतून काढू. जन्मभर मी दुसऱ्यांचा माल तपासला. स्वतःचा एक नग तरी बाजारात जावा, एवढीच माझी हाव होती. अडुसष्टाव्या वर्षी आणखी सहा वर्षांचा दुसरा खेळ कोण रचतं?

आणि धान्य जिंकत होतं. तीन डावांत दोनदा धान्य. मी कोठार महाग केलं, तरी धान्य. नदीला पूर आणला, तरी धान्य. त्याच्या आदल्या वर्षी व्यापार असाच डोक्यावर बसला होता. त्याचे पंख छाटले तेव्हा कुठे तो खाली आला, तर हे धान्य वर आलं. एक भोक बुजवावं तर दुसरं पडायचं. खेळात दोष असता तर तो एका जागी राहिला असता. जो दोष जागा बदलतो त्याला पाय असतात, आणि ज्याला पाय असतात त्याला धरता येतं, हे मला माझ्या नोकरीनं शिकवलं होतं.

म्हणून मी खेळ सोडून माणसं बघू लागलो. गेझिन चहाला उठली की कुणाच्या मागून जाते, नुर्तेन कुणाला हसून माल देते. वहीच्या मागच्या पानावर मी वेगळी टिपणं ठेवली. तिथेच एका गुरुवारी लिहिलं: नुर्तेननं फोनवर पटाचे तीन फोटो काढले. पुढच्या गुरुवारी: पाच फोटो. तिचा दीर हॅनोव्हरला खेळांच्या दुकानात होता, हे तिनंच कधी तरी सांगितलं होतं. मला सगळं लख्ख दिसलं. ती माझा खेळ बाहेर पोचवत होती, आणि तोपर्यंत माझी मुदत टळावी म्हणून धान्याला जिंकवत होती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी बाकीची दोघं गेल्यावर मी तिला दारात थांबवलं. फोटो कुणाला पाठवतेस, असं सरळ विचारलं. आवाज जुना लागला, नोकरीतला.

तिनं एक पाय बुटात घातला होता, तो तसाच राहिला. तिनं फोन उघडून माझ्या हातात दिला. फोटो तिथेच होते, कुठेही गेलेले नव्हते. प्रत्येकाखाली तिनं टिपण केलं होतं, इथे मी चुकले, इथे वीट ठेवायला हवी होती. घरी, मुलं शाळेत असताना, ती माझ्या खेळाचा अभ्यास करत होती.

"लहानपणी आम्ही दर उन्हाळ्यात गाडीनं बाबांच्या देशात, गावी जायचो," ती म्हणाली. "सरहद्द आली की कुणी सांगायच्या आतच बाबा सगळं सामान खाली काढून ठेवायचे. मला वाटलं, इथे तरी ते करावं लागणार नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली, ती तिनं घेतली की नाही कळलं नाही. दुसरा बूट घालून ती उभी राहिली.

"तुम्ही एवढी वर्षं वाटा मोजताय," ती म्हणाली. "माणसं कधी मोजलीत का? धान्य माझ्या हातात जिंकतं, गेझिनच्या हातात जिंकतं. फोल्कर्टच्या हातात का जिंकत नाही?"

ती गेल्यावर मी सगळ्या वह्या काढल्या. कुठल्या डावात कोण कुठल्या वाटेनं गेलं ते मी लिहीतच होतो, पण बेरीज मात्र नेहमी वाटांची केली होती. माणसांची बेरीज एकदाही केली नव्हती. ज्याचा धंदाच माणसं ओळखायचा, त्या मी.

पहिल्या चाळीस डावांत फोल्कर्टनं सोळा जिंकले होते. तिघांत तोच वरचढ. मग गेल्या वर्षाच्या फेब्रुवारीपासून एकाहत्तर डाव झाले, आणि त्यात तो फक्त एकदा जिंकला होता. नशीब एवढं खोटं असत नाही. एवढं हरायला मेहनत लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं, माझ्या काखेतल्या वह्या पाहिल्या, आणि काही न विचारता आत वळला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा खेळ मांडलेला होता. जुन्या सागरी नकाशाच्या पाठीवर त्यानं नदी रंगवली होती, ठोकळे स्वतः कापले होते. तिन्ही बाजूंचा डाव तो एकटाच खेळत होता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सराव. कुणाला न कळता हरायचं तर खेळ जिंकणाऱ्यापेक्षा जास्त यावा लागतो."

मी बसलो नाही. त्यानंही बस म्हटलं नाही. कुठल्या कंपनीनं तुला सांगितलं, किती मिळाले, असलं काहीबाही मी विचारलं. तो माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत राहिला.

"तुझा खेळ पुरा झाला होता, मेन्नो," तो म्हणाला. "गेल्या वर्षी फेब्रुवारीत. तिन्ही वाटा सारख्या. पाणी सारखं झालं की मला कळतं, जन्मभर तेच केलं. तू पुढच्या महिन्यात खोक्यात घालून पाठवला असतास. मग मी गुरुवारी काय करायचं होतं?"

मी काखेतल्या वह्या टेबलावर ठेवल्या.

"म्हणून एक वाट निवडायची आणि ती ज्याच्या हातात असेल त्याला उचलून द्यायचं. तू ती छाटलीस की दुसरी. तू दर वेळी फसलास." यात त्याला थोडा अभिमानही होता, तो लपला नाही.

"आणि धान्य तुझ्याच हातात आलं की? तेव्हा जिंकला असतास तर माझी आणखी दिशाभूल झाली असती. कधीच पकडला गेला नसतास."

"तुझा खेळ बिघडवत होतो, तेवढं पुरे नव्हतं? वर जिंकायचं पण?"

"एकदा जिंकलास."

"चुकून. त्या दिवशी गेझिन माझ्यापेक्षा वाईट खेळली."

हसू आलं आणि त्याचाच राग आला. वीस महिने. धडधाकट खेळाला मी वीस महिने औषधं पाजत होतो, कोठारं महाग कर, पूर आण, आणि आता तो खरंच आजारी पडला होता. मी ओरडलो. मित्र म्हणवतोस आणि घरात शिरून चोरी करतोस, असं म्हणालो. एवढंच होतं तर सांगायचं होतंस, खेळ संपल्यावरही आपण भेटलोच असतो.

"दरवाजे कॉम्प्युटरवर गेले तेव्हा आम्ही सात जण होतो," फोल्कर्ट म्हणाला. "सगळे म्हणाले, दर महिन्याला भेटायचं. मेन्नो, आम्ही एकदा भेटलो."

मीही एकटाच राहतो. गुरुवारसाठी मी बुधवारी फरशी पुसतो, हे मी त्याला सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

वही उघडून मी फेब्रुवारीचे नियम काढले. महाग कोठार खोडलं, पूर खोडला, व्यापाराचे कापलेले पंख परत लावले. फोल्कर्टनं चष्मा लावून एकेक ओळ तपासली आणि एका ठिकाणी, विटांच्या हिशेबात, माझी चूक दाखवली. मग मी त्याला विचारलं, वीस डाव खरे खेळशील का? त्यानं नकाशावरचे आपले ठोकळे रंगांप्रमाणे वेगळे केले. "खेळतो," म्हणाला.

नुर्तेनच्या दुकानात जाऊन मी सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. ती म्हणाली, लोक औषधाला थांबलेत, गुरुवारी बोलू. पण ती आली. फोल्कर्टनं स्वतःच दोघींना सगळं सांगितलं, कप हातात धरून, मान खाली घालून. नुर्तेननं ऐकून घेतलं आणि आपल्या कपाच्या तळाची खडीसाखर ढवळत बसली, जी आमच्याकडे कुणी ढवळत नाही, आपोआप विरघळू देतात. गेझिन म्हणाली, "मेल्या, म्हणजे दोन वर्षं मी तुझ्या कृपेनं जिंकत होते?" या गोष्टीचा तिला खेळापेक्षा जास्त राग आला होता, आणि ती त्या दिवशी पेटून खेळली.

फोल्कर्टला तलवार आली. तो असा खेळतो हे मी विसरूनच गेलो होतो. पहिला तासभर तो काहीच करत नाही असं वाटलं. मग एकाच फेरीत तो नदी उतरला आणि नुर्तेनची तिन्ही कोठारं घेतली. तिनं पूल तोडले. गेझिननं तिला उधारीवर विटा दिल्या. कुणी कुणाला काही सोडलं नाही. शेवटी तलवार एकसष्ट, धान्य साठ, व्यापार एकोणसाठ. मी ते आकडे वहीत लिहिले, आणि खरं सांगतो, माझी नजर नेहमीप्रमाणे फोल्कर्टच्या हातांवर गेली, हा डाव तरी सरळ होता ना म्हणून. सवय जात नाही.

पुढचे तीन आठवडे आम्ही रोज दुपारी जमलो. वीस डाव झाले. तलवार सात, धान्य सात, व्यापार सहा. विसाव्या डावानंतर मी चहा ओतायला गेलो तर फोल्कर्टनं चमचा कपात उभा केला. आमच्याकडे याचा अर्थ आता नको. त्यापुढे ओतणं हा यजमानाचा उद्धटपणा होतो, म्हणून मी किटली खाली ठेवली.

तक्त्याबरोबर प्रकाशकांना तपासणाऱ्यांची नावं हवी होती. नियमांच्या शेवटच्या पानावर ती छापतात. मी तीन नावं लिहून सगळ्यांना दाखवली. फोल्कर्टनं माझं पेन मागितलं आणि आपल्या नावावर पट्टीनं आखावी तशी सरळ रेघ मारली.

"अरे, वीसपैकी वीस डाव तू खेळलास," मी म्हणालो.

"आणि एकाहत्तर बिघडवले. बिघडवणाऱ्याचं नाव तपासणाऱ्यांत नको. तू कस्टमवाला आहेस, तुला कळायला हवं."

नुर्तेननंच तो कागद उचलला, घडी घातली आणि खोक्यात ठेवला. मी म्हणालो, पुढच्या गुरुवारीही या, दुसरा कुठला तरी खेळ खेळू. येऊ की, असं तिघंही म्हणाले.

सकाळी मी खोकं घेऊन निघालो तर फोल्कर्ट कोपऱ्यावर उभा होता. दे इकडे, म्हणाला. मी दिलं नाही. खोटं कशाला सांगू, शेवटच्या क्षणी हा काही करेल असं माझ्या मनात आलं. तो हात पुढे करून उभाच राहिला. मग मी दिलं.

पोस्टात रांग होती. तो खोकं दोन्ही हातांत छातीशी धरून उभा होता, टेकवायला जागा असूनही टेकवलं नाही. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, आत काही फुटण्यासारखं आहे का.

"नाही," फोल्कर्ट म्हणाला. "खेळ आहे. पुरा झालेला."

तिनं शिक्का मारला आणि खोकं मागच्या गाडीत टाकलं. फोल्कर्टनं पावती माझ्या हातात दिली. मागे माणसं खोळंबली होती, तरी तो खिडकीपासून हलेना. त्याचे हात अजून खोक्याच्या मापाचेच होते.