बाविसावी

"ह्या भिंतीवर बावीस बाया हुत्या. आता एकवीस हायेत," खराटा बाजूला ठेवत सिंधु पाहुण्यांना सांगत होती. "बाविसावी कुठं गेली, ते आमच्या अध्यक्षांना इचारा."

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष श्रीमंतराव मंडपाच्या पायरीवर बसून ऐकत होते. नऊ वर्षं ते हे ऐकत आले होते. आधी चिडायचे, मग हसायला लागले, हल्ली मोबाइलमध्ये डोकं घालायचे. देवळाची झाडलोट सिंधुला त्यांनीच दिली होती. नवऱ्याचा हात गेला तेव्हा ती त्यांच्या दारात काम मागायला उभी राहिली. गावाला वाटलं, पोटासाठी आली. सिंधुला फक्त ह्या माणसाच्या डोळ्यांसमोर रोज उभं राहायचं होतं.

तिचा नवरा चंद्रप्पा पाथरवट. पाटे-वरवंटे घडवणं हे पोटाचं काम, जीव मात्र ह्या देवळात. निलंग्याकडच्या त्या लहानशा गावातलं महादेवाचं देऊळ आठशे-नऊशे वर्षांचं. लग्नानंतर त्यानं सिंधुला ते सगळं फिरून दाखवलं होतं. "हे खांब बघ, चरकावर फिरवून घडवल्यागत. चालुक्यांच्या वक्ताचे. ही मागची भिंत यादवांच्या वक्ताची. चुना न्हाई काय न्हाई, नुस्ती दगडाला दगडाची खाच. वरचं शिखर इटांचं, ते लई मागून आलं. अन् हा गुलाबी ऑइलपेंट आपल्या कमिटीचा!" असं म्हणून तो मोठ्यानं हसायचा. तेव्हा तो हसायचा.

भिंतीवरच्या बाया म्हणजे दगडात कोरलेल्या सुरसुंदऱ्या. कुणी पायातला काटा काढते, कुणी पत्र लिहिते. बाविसावी आरशात बघणारी. तिच्या आरशाची कड कधीकाळी फुटली होती. चंद्रप्पानं त्याच जातीचा दगड हुडकला, महिनाभर खपून नवी कड घडवली आणि अशी बसवली की मुद्दाम शोधल्याशिवाय दिसू नये.

पुढं एका सकाळी ती मूर्तीच भिंतीत नव्हती. "दगडातलं कळणारा गावात एकच हाय," श्रीमंतराव म्हणाले. तेवढं पुरे झालं. त्यांच्या माणसांनी चंद्रप्पाला धरून आणलं आणि त्याच्याच हातोड्यानं त्याचा उजवा पंजा देवळाच्या उंबऱ्यावर ठेचला. "पोलिसात देत न्हाई, उपकार समज," असं श्रीमंतराव वर म्हणाले. चंद्रप्पा त्यानंतर देवळाकडं फिरकला नाही.

आजच्या पाहुण्यांत लातूरची तनुजा होती, वास्तुकला शिकणारी. देऊळ मोजायला आलेली. तिनं सिंधुला बाजूला घेतलं.

"मावशी, ती आरसा धरलेली होती का?"

"हाव. का गं?"

तनुजानं मोबाइलमधला एक फोटो शोधून दाखवला. "मी एका ऑफिसात काम शिकतेय. गेल्या महिन्यात लातुरात एका बंगल्याची बाग मोजली, तिथं कारंज्याजवळ ही होती. मला वाटलं, नवी घडवून घेतली असेल."

सिंधुनं फोटो मोठा करायला लावला. आरशाची कड किंचित फिकी होती.

"बंगला कुणाचा?"

तनुजानं नाव सांगितलं. श्रीमंतरावांच्या जावयाचं नाव.

सिंधुनं पायरीकडं पाहिलं. श्रीमंतराव बशीत ओतून चहा पीत होते. खराटा उचलून तिनं राहिलेलं अंगण झाडून काढलं, कोपऱ्यासकट.

तनुजानं दोन अर्ज लिहून दिले. एक पोलिसांना, एक पुरातत्त्व खात्याला. तीन आठवड्यांनी पंचनाम्याची तारीख आली आणि आदल्या दुपारी श्रीमंतराव पहिल्यांदाच सिंधुच्या घरी आले.

"चंद्रप्पा, झालं ते झालं," ते म्हणाले. "चोर तू न्हवतास, हे मी गावासमोर सांगतो. शाल-नारळ देऊन सत्कार करतो. तू उद्या फक्त म्हण, नीट वळखू येत न्हाई."

चंद्रप्पा खाली बघत ठेचलेला पंजा चोळत होता. मग म्हणाला, "नाव तर धुऊन निघंल, सिंधे. अजून काय पायजे आपल्याला?"

"मला पायजे," सिंधु म्हणाली. ती श्रीमंतरावांच्या समोर येऊन उभी राहिली. "मालक, शाल धरायला बोटं लागत्यात. तेवढी आणून द्या, मग ह्ये गप बसतील."

दुसऱ्या दिवशी लातूरच्या बागेत पोलीस होते, जावई होता, श्रीमंतराव होते. खात्याच्या राजश्री मॅडम देवळातल्या मूर्तीचा जुना फोटो घेऊन आल्या होत्या. "ह्यात चेहरा पुसट आहे," त्या म्हणाल्या. "ही तीच, हे कसं ठरवायचं?"

सगळे चंद्रप्पाकडं बघायला लागले. तो मूर्तीच्या पायाशी बसला. मशीननं घोट्याखाली कापून ती सिमेंटच्या ओट्यात रोवलेली होती.

"पाय कापले की ओ हिचे," तो एवढंच बोलला. हा आता 'न्हाई' म्हणतो, ह्या भीतीनं सिंधु एक पाऊल पुढं सरकली.

चंद्रप्पानं वाकडा पंजा उचलून आरशावर ठेवला. "ही कड माझी. मागून दोन खाचा हायेत. वरची सरळ, खालची तिरपी. बघा हात लावून."

मॅडमनी मागं बोट फिरवलं. मग वही उघडून लिहायला घेतलं.

"मामांनी भेट दिलेली, मला काय ठाऊक!" जावई सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. श्रीमंतरावांचा चेहरा राखेसारखा झाला. ते उन्हातच कठड्यावर बसले. पोलीस गाडी फाटकाशी घ्यायला गेले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "सिंधु, घोटभर पाणी हाय का?"

सिंधुनं पिशवीतून भरलेली बाटली काढली. त्यांना दिसेल अशी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. फार गोड वाटलं तिला. ते तिनं स्वतःपासूनही लपवलं नाही.

परतीच्या एसटीत चंद्रप्पा खिडकीशी बसला होता. औसा मागं पडलं.

"आता कुठं ठेवतील तिला?"

"गोदामात. खटला संपस्तवर. भिंतीत परत बसंल का, ते मॅडमलाबी ठाव न्हाई."

चंद्रप्पानं खिडकीची काच सरकवली. मग म्हणाला, "पाणी द्यायचं हुतंस त्येला."

"न्हाई द्यायचं हुतं."

त्यानं पिशवीतली बाटली स्वतःच काढून घेतली. उजव्या पंजात झाकण फिरेना. दोनदा निसटलं. सिंधुनं बाटली घेतली, झाकण काढून त्याच्या डाव्या हातात दिली आणि त्याचं पिऊन होईपर्यंत खालून हात लावून धरली.